साक्षीला परदेश

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले बारा दिवस कचऱ्यावरून जुंपली आहे. प्रस्ताव असा की दारोदार येणाऱ्या कचरेवाल्या मावशींना बंद करायचं आणि एका खासगी ठेकेदाराचा टेम्पो लावायचा. टेम्पो सकाळी सातला फाटकाशी येणार, ज्याने त्याने आपली बादली खाली नेऊन ओतायची, ओला-सुका वेगळा करायची कटकट नाही, वर महिन्याला घरटी थोडे पैसे वाचणार. इथवर मी गप्प होते. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "परदेशात कुठे येतं कोणी दारात कचरा न्यायला? तिथे लोक स्वतः नेऊन टाकतात. विचारा हवं तर हिला." आणि पुढे माझं नाव.

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते, 14 वर्षं झाली. ग्रुपवर एरवी माझी आठवण कुणाला होत नाही. गणपतीची वर्गणी आणि परदेशाचा दाखला, एवढ्या दोनच कामांसाठी मी लागते.

तर घ्या साक्ष. हो काका, इथे स्वतःच नेऊन टाकतात. पण नेण्याआधी काय करतात ते तुम्ही विचारलंच नाहीत. माझ्या एवढ्याशा स्वयंपाकघरात कचऱ्याच्या पाच जागा आहेत. भाजीची देठं, चहाचा चोथा तपकिरी डब्यात. कागद वेगळा, दह्याचे डबे आणि प्लास्टिक पिवळ्यात, उरलंसुरलं काळ्यात. काच कोपऱ्यावरच्या टाक्यांत, तीही रंग बघून: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली हिरवीत जाते. हे मला कळायला दोन वर्षं लागली, कारण निळ्या बाटलीचं काय करायचं हे विचारण्याइतकी माझी जर्मन भाषा पुढे गेली नव्हती.

पहिल्याच वर्षी एका दुपारी मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन टाकीशी गेले. चार टाकल्या. समोरच्या इमारतीतून एक आजोबा घरातल्या सपाता घालून खाली उतरले, रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "आज रविवार आहे." एवढंच. मला वाटलं, माणूस एकटा असेल, बोलायला येतोय. मी हसून "हो ना" म्हटलं आणि पाचवी बरणी टाकली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजतागायत विसरलेले नाही. रविवारी इथे काचेचा खणखणाट करायचा नसतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

"परदेशात बघा" आणि "वेगळा करायची कटकट नाही" ही दोन वाक्यं काकांनी एकाच श्वासात म्हटली, त्याने माझं डोकं फिरलं. आमच्या तपकिरी डब्यात एक प्लास्टिकची पिशवी निघाली तर गाडीवाले डब्याला चिकटपट्टी लावून तो तसाच भरलेला सोडून जातात. मग अख्ख्या इमारतीला इमारत सांभाळणाऱ्याचं पत्र येतं, आणि पुढचा महिनाभर जिन्यात जो भेटेल तो आपल्या हातातल्या पिशवीकडे बघून "गुटन टाग" म्हणतो. लोक इथले जात्याच स्वच्छ असतात ही तर आपल्याकडची लाडकी समजूत. काकांना एकदा फुटबॉलची मॅच सुटल्यावर कान्श्टाटच्या स्टेशनवर उभं करायला हवं.

त्याच स्टेशनवर त्यांना आणखी एक दृश्य दिसेल. नीटनेटका कोट घातलेले, सत्तरीचे एक गृहस्थ हातात छोटी बॅटरी घेऊन कचऱ्याच्या डब्यात वाकून बघत असतात. पेयाचा पत्र्याचा कॅन किंवा प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की 25 सेंट मिळतात, बिअरच्या काचेच्या बाटलीचे 8. प्लास्टिकच्या बाटलीवरची ही अनामत 2003 पासून आहे. पेन्शन पुरत नाही म्हणून गोळा करणारे म्हातारे मी रोज बघते. समजूतदार लोक बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे त्यांना हात घालावा लागत नाही. यापलीकडे त्यांच्याशी कुणी बोलत नाही, मीही नाही. म्हणजे कचरा वेचणारे इथेही आहेत. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र नसतं आणि त्यांना कुणी काका-मावशी म्हणत नाही, एवढाच फरक.

पुण्यात मात्र 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. उकिरडे उपसणाऱ्या बायका एकत्र आल्या, ओळखपत्रं घेतली, आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. आमच्या जिन्यात येणाऱ्या मावशी तिच्या सभासद आहेत, म्हणजे काकांच्या भाषेत सांगायचं तर भागधारक. बाहेरचे लोक हे काम बघायला पुण्याला येतात, आणि आम्ही कोथरूडमध्ये बसून टेम्पोचं कोटेशन मागवतो! शिवाय घनकचऱ्याचे नियम आहेतच. ओला, सुका घरातच वेगळा करून द्यायचा. टेम्पोत सगळं एकत्र ओतल्यावर ते जाणार कुठे? शहराचा कचरा जिथे नेऊन टाकायचे त्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी वर्षानुवर्षं नाकाला पदर लावून काढली, गाड्या अडवल्या, तेव्हा पेठांतल्या कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले होते. ते ग्रुपवरच्या सगळ्यांनी पाहिलंय. मी इथून पेपरात वाचलंय.

हे सगळं मी लिहिलं. एक मात्र लिहिलं नाही. माझा काळा डबा पुढे इथल्याच म्युन्स्टर भागातल्या भट्टीत जळतो, आणि जर्मनीचं प्लास्टिक किती निगुतीने वेगळं केलं तरी त्यातलं काही जहाजात बसून तुर्कस्तानसारख्या देशांत जातं, हे मला ठाऊक आहे. पण साक्षीला मला काकांनी बोलावलं होतं, उलटतपासणीला नव्हतं.

इथलं मला मनापासून आवडतं ते वेगळंच. शनिवारी संध्याकाळी फुटपाथवर खोकी दिसायला लागतात, त्यावर हाताने लिहिलेलं असतं, 'देऊन टाकायचंय'. पुस्तकं, दिवे, लहान मुलांचे बूट. माझा प्रेशर कुकर अशाच खोक्यातला. उत्तम पोलादाचा, पण मेल्याला शिट्टी नाही! आत वाफ झाली की मुकाट्याने एक दांडी वर येते. मला वरण शिट्ट्या मोजून करायची सवय, त्यामुळे पहिले सहा महिने डाळ एक तर गोटा नाही तर लापशी.

तो कुकर उचलला त्या दिवशी मला बोहारीण आठवली. आई जिन्यात पाट टाकून बसायची, समोर बोहारीण, मध्ये जुने कपडे. बोहारीण बाबांच्या पँटची चेन दोनदा वरखाली करून बघायची, कॉलर उलटी करायची आणि एक पेला पुढे सरकवायची. आई म्हणायची, "ठेव तो पेला, मला डबा हवाय, झाकणाचा." तास तास चालायचं ते. फुकट कुणी काही देत नव्हतं, फुकट कुणी घेतही नव्हतं. आता वॉचमन तिला फाटकाच्या आत सोडत नाही.

माझ्या त्या लांबलचक मजकुरावर काकांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "दोन वर्षांतून पंधरा दिवस येणाऱ्यांनी इथे राहणाऱ्यांना शिकवू नये." पुढे जोडलेले हात. त्याला अकरा अंगठे.

मी रागाने लिहायला घेतलं होतं की फ्लॅटवर आईबरोबर माझंही नाव आहे, मेंटेनन्स माझ्या खात्यातून जातो, एक महिना चुकलेला नाही. लिहून पुसलं. कारण मला मागचा डिसेंबर आठवला.

आल्याचा दुसरा दिवस होता. रात्रभर झोप नाही, घरात कुरियरची खोकी, संत्र्याची सालं, चोथा, सगळं मी एका काळ्या पिशवीत कोंबलं, गाठ मारली आणि दाराबाहेर ठेवलं. जी बाई श्टुटगार्टला दह्याच्या डब्याचं झाकण सोडवून वेगळं करते, तिने. आई तशी नाही. शेजारच्या बाळाचे डायपर उचलायची वेळ येते तेव्हा ती ते वर्तमानपत्रात गुंडाळते आणि वरून नेलपॉलिशने लाल ठिपका काढते, मावशींना उघडून बघावं लागू नये म्हणून. पण आई देवपूजेला बसली होती.

थोड्या वेळाने दार उघडलं तर मावशी जिन्यात उकिडव्या बसलेल्या. पिशवीची गाठ सोडून पुठ्ठा एकीकडे, सालं एकीकडे करत होत्या. एक पुठ्ठा त्यांनी झटकला, चोथ्याने भिजून लिबलिबीत झाला होता. "भिजला की भंगारवाला घेत न्हाई," त्या म्हणाल्या. मग वर बघून, अगदी सहज, "तिकडं बी असंच देता व्हय, ताई?"

मी "नाही" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या दाराकडे गेल्या.

मला तेव्हा लाज वाटली ती पुठ्ठ्याची नव्हती. विमानातून उतरल्यापासून मला जे हलकं हलकं वाटत होतं, घरी आल्यासारखं, ते नेमकं कशामुळे, हे मला तिथे जिन्यात उभ्या उभ्या कळलं. इथे मला कुणी टोकणार नाही, म्हणून.

या आठवड्यात इथे आमच्या जिन्याची पाळी माझी आहे. केरवोखे म्हणतात तिला, नावातच केर. दाराच्या मुठीला पाटी अडकवलेली असते, जिना स्वच्छ असला तरी झाडायचा. झाडून झालं आणि आईचा फोन आला. काल मीटिंग झाली, टेम्पोचा प्रस्ताव दोन मतांनी पडला. मी म्हटलं, "माझं म्हणणं सांगितलंस ना सगळ्यांना?"

"तुझं कशाला सांगू?" आई म्हणाली. "सकाळी सातला तीन मजले उतरायला माझा गुडघा आहे का? मी माझा हात वर केला."