कारकुनी म्हणून हिणवू नका

आज कुडाळात नातेवाइकांकडे पूजा होती. नुकतीच बी.कॉम. झालेली भाची मला माझ्या कामाबद्दल विचारत होती, तेवढ्यात तिचे काका मध्येच म्हणाले, "कारकुनीच ती. वकिलाचे कागद लावायचे. त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे." पोरगी गप्पच झाली. पूजेच्या घरात वाद नको म्हणून मीही काही बोलले नाही, पण अजून डोकं तापलेलं आहे.

हो, कागदच लावते मी. ट्रेडमार्कचं, म्हणजे मालाच्या नावाच्या नोंदणीचं, काम करणाऱ्या वकिलांकडे पॅरालीगल, म्हणजे त्यांची मदतनीस, आहे. त्या कागदांवर कोणाचं काय अवलंबून असतं ते सांगते.

मालवणकडच्या एक काकी कोकमाचं आगळ आणि सरबत विकतात. लेबलाच्या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला, तो ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आला. त्यानंतर चार महिने कोणालाही हरकत घेता येते. मुदत संपत आली आणि एका मोठ्या कंपनीने हरकत घेतली, "हे नाव आमच्यासारखं आहे" म्हणून. नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. वाढीव मुदत नाही, दयामाया नाही. नोटीस आली त्याच दिवशी मी तारीख डायरीत चढवली आणि काकींना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "गो बाय, माझा नाव माझ्याकडसून कसा जातला?"

सांगा आता, ही कारकुनी?

दर सोमवारी नवं जर्नल येतं. ते चाळून आपल्या अशिलाच्या नावासारखं कोणी काही घुसवतंय का ते बघायचं. नोंदणीत मालाचे वर्ग ठरलेले असतात: सरबत वर्ग 32 मध्ये, आमरस वर्ग 29 मध्ये, ताजा आंबा 31 मध्ये. वर्ग चुकला की पैसे गेले. नाव कधीपासून वापरात आहे हे लिहायचं तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे हवेत. काकींच्या पडवीत बसून मी बिलांचं अख्खं गाठोडं सोडलं. छापखान्याचं एक जुनं बिल निघालं, आगळाच्या डागाने लालभडक झालेलं, पण तारीख आणि लेबलाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. कंपनी बाजारात आली त्याच्या कितीतरी आधीचं. ते उत्तराला जोडलं. पुढे कंपनीने हरकत मागे घेतली.

युक्तिवाद वकीलच करतात, मान्य. सुरुवातीचा पगारही बेताचाच, तेही मान्य. पण वकिलाच्या हातात ते बिल कोणी दिलं?

राग येतो तो आपल्याच माणसांचा. 2018 मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस लावले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, पाचही जिल्ह्यांचा हापूस. पण बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करायची असते, ती किती जणांनी केली? तो फॉर्म भरून, कागद जोडून चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीपर्यंत पाठवायला आपल्याकडे शिकलेली पोरं नकोत का? आणि तीच पोरं आपण घरात बसून हिणवायची!

असो. त्या काकांना मी ओळखते, माणूस वाईट नाही. पोरीची काळजी आहे, सरकारी नोकरीशिवाय दुसरं काही भरवशाचं वाटत नाही. आमच्या घरी तरी काय वेगळं होतं? पण भाची, तू वाचत असशील तर ऐक. पदवी झाल्यावर ट्रेडमार्क एजंटची परीक्षा देता येते, त्यासाठी वकीलच असावं लागत नाही. पेटंट एजंटला मात्र विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, तो रस्ता तुझा नाही. एलएलबी करायचं मनात असेल तर तेही कर, हे काम तिथे उपयोगीच पडतं. अर्ज बहुतेक ऑनलाइनच होतात, त्यामुळे कुडाळात राहूनही पुष्कळ काम होतं.

आणि आगळ, काजू, मसाला, खाजा जे काही विकत असाल त्यांनी लेबलाचं पहिलं बिल जपून ठेवा. कितीही मळलेलं असलं तरी फेकू नका. फोटो काढून मला इनबॉक्स करा, पुढे काय करायचं ते मी सांगते.