बाबा, शर्ट काढा

घरात कुणी एमबीबीएसला लागलं की शेजारीपाजारी पेढे मागतात, नातेवाईक आत्तापासूनच गुडघेदुखी सांगायला लागतात आणि आईबापाला वाटतं चला, नीटची परीक्षा झाली, क्लास संपले, सुटलो एकदाचे. सुटतबिटत काही नाही. आमच्या लेकीचं कॉलेज गावातच, म्हणून हॉस्टेल नाही, त्यामुळे कोल्हापुरातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधे सध्या मी, बायको, माझी आई आणि लेक असे चौघंही फर्स्ट इयरला आहोत.

सुरुवातीला अ‍ॅनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेत, हात होता तोवर बरं चाललं होतं. हाताला काय, टीव्ही बघता बघता एक हात तिच्याकडे देऊन टाकायचा, ती दाबून बघते, चिमटे काढते, काहीतरी पुटपुटते, आपण बातम्या बघायच्या. मग थोरॅक्स आला. म्हणजे छाती.

छातीबरोबर घरात बरगड्या आल्या. सिनियरकडून सेकंडहँड घेतलेला हाडांचा सेट कापडी पिशवीत असतो आणि अभ्यास करताना ती सगळी हाडं दिवाणावर पसरते. माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या, त्यातल्या वरच्या सात खऱ्या, उरलेल्या पाच खोट्या, आणि त्या खोट्यांतल्या शेवटच्या दोन तर समोर कुठे जोडलेल्याच नसतात, नुसत्या तरंगतात. (खोट्या हे मी म्हणत नाही, पुस्तकातच फॉल्स लिहिलंय.) त्यातली प्रत्येक हातात घेऊन ती डावी की उजवी हे ओळखायचं असतं. एकदा गावाकडचे काका आले, दिवाणावर टेकले, गप्पा मारता मारता सहज हाताला लागली ती घेतली आणि पाठ खाजवायला लागले. मला घाम फुटला. लेक पुस्तकातून मान वर करून शांतपणे म्हणाली, "काका, ती उजवी आहे, तुम्ही डावीसारखी धरलीय." काकांनी काय आहे ते विचारलं आणि मग चहा न घेताच गेले.

रात्री जेवणं झाली की माझी ड्यूटी सुरू. पुस्तक माझ्या हातात, ती हॉलमधे येरझाऱ्या घालत बोलणार आणि मी बरोबर आहे का बघायचं. ती अ‍ॅझायगस व्हेनपासून सुरुवात करते, मी अजून पान शोधतोय तोवर ती सुपिरियर व्हेना काव्हात, म्हणजे पार हृदयाच्या दारात, पोचलेली असते. मी फक्त चष्मा पुढे-मागे करतो आणि मधेच "हं, नीट सांग" म्हणतो, त्याने तिला वाटतं आपलं काहीतरी राहिलं आणि ती आपणहून अजून दोन ओळी सांगते. वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेणाऱ्या सरांची पण हीच पद्धत असावी असा मला दाट संशय आहे.

पण ऐकून ऐकून थोडं आपल्यालाही येतं हो. एक नस आहे, रक्ताची नव्हे, मज्जातंतूवाली, रिकरंट लॅरिंजियल, डावीकडची. तिला जायचं असतं गळ्यात, स्वरयंत्रापाशी. मूळ नस गळ्यावरूनच खाली येते, म्हणजे तिथल्या तिथे वळली तर काम संपलं. तर नाही, ही बाई खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर गळ्यात जाते. शेजारच्या टेबलावर जायची फाईल मुंबईला जाऊन परत येते तसलाच प्रकार, सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणून म्हणे छातीत गाठबिठ झाली तर आवाज बसू शकतो. हे ऐकल्यावर मी दोन दिवस सारखं खाकरून आवाज तपासत होतो.

आईचं वेगळंच. श्वासनलिकेला खाली दोन फांद्या फुटतात, त्यातली उजवी, म्हणजे उजवा ब्रॉन्कस, रुंद, आखूड आणि जास्त उभा, त्यामुळे चुकून शेंगदाणा श्वासनलिकेत गेलाच तर बहुतेक वेळा उजवीकडे जातो, एवढं एक वाक्य तिच्या कानावर पडलं. तेव्हापासून आई शेंगा खाताना डावीकडे कलून बसते. नातीने चित्र काढून दाखवलं की आजी, कलून काही उपयोग नाही. आई म्हणाली, तुझं पुस्तक तुझ्यापाशी, मी ऐंशी वर्षं शेंगा खातेय.

मग एका शनिवारी रात्री लेकीने जाहीर केलं की हृदयाचे कप्पे चित्रात बघून काही डोक्यात शिरत नाहीत, कॉलेजात एका टेबलाभोवती एवढी गर्दी असते की मागच्याला नुसत्या पुढच्याचा अ‍ॅप्रन दिसतो, तर बाबा, उद्या मटण आणायला जाल तेव्हा बकऱ्याचं एक हार्ट आणा. अख्खं. वरच्या नळ्यांसकट.

रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानापुढे काय रांग असते ते ज्याने बघितलंय त्यालाच माझी अवस्था कळेल. नंबर आला. म्हटलं, अर्धा किलो मटण आणि एक दिल द्या, अख्खं, चिरा मारू नका, आणि वरच्या नळ्या तोडू नका. सुरा थांबला. "नळ्या कशाला वो, खाण्यात येत न्हाईत त्या." म्हटलं, खायला नको, अभ्यासाला पायजे. मागनं एक जण म्हणाला, "आटपा पावनं, आम्हाला जेवायला पायजे." दुकानदाराने मात्र मनावर घेतलं. आत जाऊन नळ्या चांगल्या बोट-बोट लांब ठेवलेलं एक शोधून आणलं, आणि पैसे देताना विचारलं, "पोरगी डॉक्टर व्हतीया? मग पुढच्या रविवारी फेफसं ठेवू का?"

स्वयंपाकघरात बायकोने एक जुनी स्टीलची ताटली काढून दिली आणि ही परत माझ्या भांड्यांत येता कामा नये असं बजावून ती बाहेर गेली. पुढचा तासभर मात्र, खोटं कशाला बोला, मजा आली. लेकीने आधी कापलंच नाही, मोठ्या नळीत, म्हणजे महाधमनीत, नळाचं पाणी सोडलं. पाणी खाली जाईना! आत तीन इवलाले खिसे असतात, ते पाण्याने फुगले आणि एकमेकांना चिकटून दार बंद. मग कापल्यावर डावी भिंत बघितली तर उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड, कारण उजवीला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलायचंय आणि डावीला पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. झडपांना खालून पांढरे दोरे बांधलेले, शिलाई मशिनच्या धाग्यापेक्षा जरासेच जाड, बोटाने ओढले तरी तुटत नाहीत. आणि त्या खिशांच्या मागे दोन भोकं, त्यातल्या एकात तिने अगरबत्तीची काडी घातली आणि म्हणाली, बाबा, ही कोरोनरी, हार्टला स्वतःला रक्त मिळतं ते इथून. एवढंसं भोक. रस्सा उकळत होता, त्यावरचा तर्रीचा थर मी जरा वेळ बघत राहिलो.

मग तिने मधली भिंत ट्यूबलाइटसमोर धरली. गॅलन नावाचा रोमन काळातला मोठा वैद्य, त्याने लिहून ठेवलेलं की ह्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत आणि रक्त त्यातून उजवीकडून डावीकडे झिरपतं. हजारभर वर्षांहून जास्त काळ युरोपात तेच चाललं, 1628 मधे हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरने रक्त गोल फिरतं हे छापलं तरीसुद्धा कितीतरी जणांना पटेना. आई दारात उभी होती, म्हणाली, "एवढी वर्षं कुणी चिरून बघितलं न्हाई व्हय?" लेक म्हणाली, अगं त्या गॅलनने माणूस चिरलाच नव्हता, माकडं नि डुकरं वगैरे चिरली होती. म्हणजे तो पण रविवारच्या रांगेतलाच.

इथवर सगळं ठीक होतं. खरा छळ सरफेस मार्किंगचा. आतला अवयव बाहेरून कातडीवर कुठे येतो ते पेनने काढून दाखवायचं, आणि ते काढायला घरात एकच छाती उपलब्ध. "बाबा, शर्ट काढा." पंखा फुल, मी दिवाणावर उताणा. छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणलं की एक उंचवटा लागतो, तिथे दुसरी बरगडी, पहिली कॉलरबोनखाली दडलेली असते म्हणून मोजणी दोनपासूनच. "दोन... तीन... बाबा, चार कुठंय?" म्हटलं, असेल तिथेच, जाणार कुठे. "चरबी आहे खूप." बायको आतून म्हणाली, मी सांगत होते. गुदगुल्या होऊन मी हललो की रेघ चुकायची आणि पुन्हा दोनपासून. स्केचपेन घामाने पसरतं म्हणून तिने परमनंट मार्कर काढला. शेवटी हृदय झालं काढून, आणि ते मी समजत होतो तसं डावीकडे नाहीच, बरंचसं मधेच, साधारण एक तृतीयांश तर चक्क उजवीकडे. बरगड्यांमधल्या पाचव्या फटीत, मधल्या रेषेपासून नऊ सेंटिमीटरवर एक फुली मारली. एपेक्स, म्हणजे हृदयाचं खालचं टोक. तिने स्केलने मोजलं, फोटो काढला आणि झोपायला गेली. मी साबण लावला, खोबरेल लावलं. फुली ढिम्म.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं हेल्थ चेकअप होतं हे कुणाच्या लक्षात होतं!

ईसीजीच्या पोराने बनियन वर करायला सांगितलं आणि तो जरा वेळ गप्पच झाला. छातीवर निळं हृदय, चार कोपरे, फुली. म्हणाला, "काका, ऑपरेशनला घेणार होते का तुम्हाला?" म्हटलं नाही रे बाबा, मुलगी फर्स्ट इयरला आहे. तो वाकून बघायला लागला, मग त्याने दुसऱ्या पोराला हाक मारली, मग दोघं वाकले. शेवटी त्याने जेल लावली, चौथ्या नंबरचा इलेक्ट्रोड फुलीच्या बोटभर बाहेर चिकटवला आणि म्हणाला, "एवढं मोजायला लागलं नाही राव कधी. पण फुली जरा आत आलीय."

बाहेर आल्या आल्या लेकीला फोन केला. "आत यायलाच पाहिजे!" ती ओरडलीच, "त्यांचा व्ही फोर, तो चौथा इलेक्ट्रोड, मिडक्लॅविक्युलर लाइनवर, म्हणजे कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर असतो, एपेक्स तिच्या थोडा आतच येतो, म्हणजे माझं करेक्ट आहे बाबा!" मग तिने हे सगळं शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं, ती पण ओरडली. मी वाट बघितली. मग मीच म्हटलं, अगं, ईसीजी नॉर्मल आला हं माझा.

"ते फिजिओलॉजीत येतं," म्हणाली, "आमचं अजून तिथवर आलं नाही."