मामांची पेटी आणि तालिनचा पेर्ट

पुण्यातल्या काही मुलांनी जुन्या अभंगाला ड्रम आणि सिंथ लावले, आणि आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं: 'जुनं संगीत पूर्ण आहे, त्याला हात लावायचं काम नाही.' खाली अंगठ्यांची रांग.

मामा, तुम्ही ज्या पेटीवर साथ करता ती युरोपातून आली. 1940 पासून तीसेक वर्षं आकाशवाणीने तिला दारातही उभं केलं नव्हतं. तेव्हाही कुणाचं तरी फर्मानच होतं.

मी राहतो त्या एस्टोनियातल्या तालिनमध्ये संगीतकार आर्वो पेर्टने काय केलं बघा. 1968 साली त्याची 'क्रेडो' ही ख्रिस्ती श्रद्धेची रचना सोव्हिएत अधिकाऱ्यांना खुपली. पुढची आठेक वर्षं त्याने फारसं काही रचलंच नाही. चर्चमधलं जुनं ग्रेगोरियन गायन, माशो, ओकेगेम, जोस्कँ हे जुने युरोपीय रचनाकार असं मध्ययुगापासूनचं सगळं घोटत, एकेरी सुरावटींनी वह्या भरत बसला. मग 1976 मध्ये पियानोची छोटीशी 'फ्युर आलीना' आली. तिच्यात जुनी चाल एकही नाही, जुनी शिस्त तेवढी आहे. उजवा हात सुरावट चालवतो, डावा बी मायनर या स्वरसंघाच्या तीनच स्वरांवर फिरतो. एकदाच तो नियम मोडून सी शार्प या बाहेरच्या स्वरावर जातो, आणि तिथे पेर्टने स्वरलिपीत चक्क एक फूल काढलंय! नियम मोडायचा तर असा, मोजूनमापून.

म्हणून त्या मुलांचीही बाजू मी घेणार नाही. ठेका बदलला की रचना झाली, असं नसतं. आधी वारकरी चाली वर्षभर नुसत्या गा.

मामांना मी पेर्टची 'फ्रात्रेस' ही रचना पाठवली. उत्तर आलं, 'बरं आहे, पण पुढे सरकत नाही.' विलंबित ख्यालावर जीव टाकणारा माणूस हे म्हणतो!

इथे तालिनजवळच्या लाउलास्मात पेर्टच्या नावाचं अख्खं केंद्र आहे, 2018 पासून त्याची नवी इमारत लोकांना खुली आहे; आपल्याकडे कलावंताच्या घरावर पाटी लागायची मारामार. हेही मी ग्रुपवर सुनावलं. मात्र खरं सांगायचं तर तालिनच्या निगुलिस्ते या जुन्या चर्चमध्ये कार्यक्रम संपल्यावर मी टाळ्या वाजवतो आणि ट्राम पकडतो. माझं मत कुणी विचारत नाही, आणि माझं एस्टोनियन रीमी या सुपरमार्केटच्या काउंटरपलीकडे जात नाही. भांडायला मला हक्काची जागा पुण्यातच उरलीय. 'भाचा तिकडे जाऊन फार शहाणा झालाय,' असं मामा लिहितात. लिहू देत. भाचा म्हणतात ना अजून.