‘एक जाणकार’ यांना उत्तर: आधी सीलिंग दाखवा

‘एक जाणकार’ साहेब,

फ्लॅशचा कडक उजेड मऊ कसा करायचा, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया येऊन आठ दिवस झाले. लग्नसराई होती म्हणून उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होतो. पण खरं म्हणजे दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा पुसलं. दुसरं बायकोने वाचलं आणि “हे नका पाठवू” एवढंच म्हणाली. हे तिसरं आहे. यातही कुठे तोल गेला असेल तर आधीची दोन वाचावी लागली नाहीत, यात समाधान माना.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लॅशवर बसवायची पांढरी प्लास्टिकची टोपी उघड्यावर निरुपयोगी असते आणि मी ती बाहेरही लावायला सांगितली, असं या साहेबांचं म्हणणं आहे. अंतर आणि उजेड यांचा हिशेब मी चुकवला, असंही आहे. माझ्या फोटोंत चेहरे पिवळे आहेत म्हणे. फ्लॅशसमोर घरातलं धोतर किंवा चादर धरायची, ही माझी युक्तीही त्यांना खटकली. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: “साधं सीलिंगला बाउन्स करायचं सोडून चादरी-धोतरांचे जुगाड शिकवणाऱ्याने आधी एखाद्या स्टुडिओत सहा महिने काढावेत.”

(बाउन्स म्हणजे फ्लॅश छताकडे किंवा भिंतीकडे वळवायचा आणि तिथून परत आलेला उजेड वापरायचा.)

हिशेबाचं आधी उरकतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होतो, असं मी लिहिलं होतं. तो चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (उजेड एकदा निम्मा झाला की एक स्टॉप). लिहिण्याच्या ओघात चूक झाली, लेखात दुरुस्त केली आहे. आभार. पण “दहावीचं फिजिक्स” हा टोमणा मारल्याशिवाय हे सांगता आलं नसतं का?

पिवळ्या चेहऱ्यांबद्दल. साहेब, ती हळद होती. हळदीला चेहरा पिवळाच असतो.

आता सीलिंग.

तुम्ही कुठे राहता ते तुम्ही लिहिलेलं नाही, नावही लिहिलेलं नाही, पण फ्लॅटमध्ये राहता एवढं नक्की. पांढरं, सपाट, नऊ-दहा फुटांवरचं स्लॅबचं छत जन्मभर डोक्यावर असलेला माणूसच “साधं सीलिंगला बाउन्स करा” असं लिहू शकतो. मी कुडाळ, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात लग्नं करतो. इथे आजही कार्य जुन्या घरात, मूळ घरातच व्हावं असा हट्ट असतो, मग बाजूला स्लॅबचं नवं घर बांधलेलं असलं तरी. त्या मूळ घरात वर कौलं असतात. लाल, उतरती, धुराने काळवंडलेली. फ्लॅश वर करून मारलात तर निम्मा उजेड कौलं पितात, उरलेला उतारामुळे भलतीकडे जातो, आणि जो चुकूनमाकून खाली येतो तो विटकरी रंग घेऊन येतो. माजघरात तर कौलंही दिसत नाहीत, कारण वर माळा असतो. काळ्या फळ्यांचा. त्यावर बाउन्स करणं म्हणजे विहिरीत बॅटरी मारण्यासारखं आहे.

मग भिंत घ्या म्हणाल. चुना दिलेली भिंत मिळाली तर मी देवाला नारळ देतो. ती बाजूची भिंत खरं तर छतापेक्षाही बरी, कारण उजेड खिडकीतून आल्यासारखा एका बाजूने येतो आणि डोळ्यांखाली खड्डे पडत नाहीत. पण गिलावा न केलेली जांभ्याची भिंत असली तर? चिऱ्यावरून परत आलेला उजेड नवरीच्या गालावर असा बसतो की तिला ताप आलाय असं वाटावं. आणि बाहेर मांडवात लाल-पिवळं कापड. तिथे वर बाउन्स करून बघा एकदा.

राहिला स्टुडिओ. सहा महिने नाही साहेब, चार वर्षं काढली. १९९८ साली अठराव्या वर्षी मी तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत लागलो. पहिलं वर्ष पासपोर्ट फोटो कापण्यात आणि पडदे झटकण्यात गेलं. तिथे फ्लॅशचा उजेड मऊ करायच्या दोन मोठ्या छत्र्या होत्या, त्यांना हात लावायची परवानगी तिसऱ्या वर्षी मिळाली. लग्नाला मात्र छत्री जायची नाही. लग्नाला जायचा एक कॅमेरा, त्याच्या डोक्यावर एक फ्लॅश आणि छत्तीस फोटोंचे फिल्मचे रोल. मी एकट्याने केलेल्या पहिल्या लग्नाचे फोटो धुऊन आले तेव्हा प्रत्येक फोटोत नवरीच्या नथीची सावली गालावर मिशीसारखी पडली होती. कपाळ पांढरंफटक, मागे काळोख. मालक काही बोलले नाहीत. ते फोटो त्यांनी काउंटरवर पसरून ठेवले आणि दिवसभर उचलले नाहीत. येणारा-जाणारा बघत होता. तेव्हा आजच्यासारखा कॅमेऱ्याच्या पाठीवर स्क्रीन नव्हता की चुकलं तर लगेच दुसरा फोटो काढला. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. “आधी स्टुडिओत जा” असं कोणाला लिहिता आहात, ते कळावं म्हणून सांगतो.

आणि तो धोतराचा जुगाड. त्याची गोष्ट लेखात दोन ओळींत उरकली होती, ती तुम्हाला पुरली नाही असं दिसतं.

मे महिना, कुडाळजवळच्या एका वाडीतलं घर, माजघरात चुडा भरणं चाललेलं. दुपारची वेळ, वीज गेलेली. कासार पाटावर बसून एकेक हिरवी बांगडी चढवत होता, नवरी दात-ओठ खाऊन हात ढिला सोडायचा प्रयत्न करत होती. फोटो तर हवाच. पहिला सरळ फ्लॅशने काढला. प्रत्येक बांगडीवर टाचणीच्या डोक्याएवढा एक पांढरा ठिपका, मनगटाची सावली जमिनीवर कोयत्याने कापल्यासारखी. मी घरातल्या आजींकडे पांढरं कापड मागितलं. “धोतर कित्याक रे तुका?” म्हणून त्या आधी रागावल्या, मग पेटीतलं एक आणून दिलं. दोन पोरांना त्याची टोकं धरून नवरीच्या डावीकडे, पाच फुटांवर उभं केलं. फ्लॅश धोतराच्या मागे मीटरभर, भाच्याच्या हातात. फ्लॅशचा झूम २४ वर, म्हणजे उजेड रुंद पसरेल असा, पॉवर चौथाई, कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपायची संवेदनक्षमता) ८००, लेन्सचं तोंड एफ ४.

दुसऱ्या फोटोत ठिपके गेले होते. प्रत्येक बांगडीवर त्या जागी लांबट, दुधी रेघ होती, आणि काच काचेसारखी दिसत होती. मनगटाच्या सावलीला कड राहिली नव्हती. मऊ उजेड म्हणजे काय, हे कोणाला शिकवायचं झालं तर मी चेहरे दाखवत नाही, हे दोन फोटो शेजारी ठेवतो. फ्लॅशचं तोंड जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचं. बांगडीला ते ठिपका दिसलं, तिने ठिपका दाखवला. मग धोतर दिसलं, तिने धोतर दाखवलं. उजेड देणारी वस्तू चेहऱ्यावरून केवढी दिसते यावर सगळं आहे, हे तुम्हीही लिहिलंय. मग तुमचा आणि माझा वाद नेमका कशावर आहे? सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरं कापड लावलेली फ्लॅशची पेटी, विकत घेतला की विद्या आणि धोतर धरलं की जुगाड?

त्यातही शिकण्यासारखं आहे, ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी नवीन मुलांसाठी सांगतो. फ्लॅश कापडाला चिकटवून धरू नका. तसं केलं तर कापडावर ताटलीएवढा गोल पेटतो आणि बाकीचं कापड फुकट जातं. मीटरभर मागे न्या, झूम २४ वर आणा, मग साधारण दीड मीटर रुंदीचं कापड उजळतं. तोच झूम १०५ वर राहिला तर जेमतेम फूटभर. कापड चेहऱ्याच्या जितकं जवळ, तितकं मऊ. लांब नेलं की तेच धोतर लहान होतं. माझ्या धोतरात दीडेक स्टॉप जातो, तो आयएसओने भरून काढायचा. आणि नीळ जास्त झालेली चादर घेऊ नका, चेहरे निळसर येतात. हे सगळं मी कुठे वाचलेलं नाही. आता ते पुस्तकातही असेल, त्याला माझी हरकत नाही.

टोपीबद्दल. हा वाद इंटरनेटवर कित्येक वर्षं चालू आहे, मला त्यात पडायचं नाही. टोपी उजेड चारही दिशांना फेकते. खोलीत तो भिंतींवरून परत येतो, किनाऱ्यावर परत यायला भिंतच नसते, तो समुद्रात जातो आणि सेल उतरतात. एवढं मलाही कळतं. मग तारकर्लीच्या फोटोत ती का लावली होती? कारण दुपारनंतर तिथे किनाऱ्यावर असा वारा सुटतो की छत्री लावली तर स्टँडसकट उलटते. वाळू भरलेली पिशवी पायाला बांधली तरी उलटते, एक छत्री मी तशी गमावलेली आहे. मग हातात जे असतं ते लावलं जातं. सवय. त्या फोटोत नवऱ्याच्या नाकाची सावली कडक पडली आहे, ती तुम्ही हेरलीत, बरं झालं. “बाहेरही लावा” हे वाक्य मी काढून टाकलं आहे. एका वाक्यासाठी माझी पंचवीस-सव्वीस वर्षं कचऱ्यात काढायची गरज नव्हती.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी लेखाखाली लावलेली नाही. तिच्यात फ्लॅशबद्दल काही नव्हतं, माझ्याबद्दलच होतं. लावायची असेल तर खाली स्वतःचं नाव लिहून पाठवा, लावीन.

आणि मे महिन्यात कधी इकडे आलात तर या एखाद्या कार्याला. भाचा आता मुंबईला नोकरीला असतो, धोतर गाडीत आहे, आणि धोतराचं दुसरं टोक धरायला माझ्याकडे नेहमीच माणूस कमी असतो.