वारशातली बंद तिजोरी : ग्राइंडर उचलण्याआधी हे वाचा

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे. आजोबा, काका, मावशी असं कुणी गेलं, मागे बंद तिजोरी राहिली आणि आकडा कुणालाच ठाऊक नाही, तर चावीवाल्याला पैसे देऊ नका, अर्ध्या तासात घरीच उघडते, असं त्यात म्हटलं आहे. पुढे पाच उपाय आहेत. स्टेथोस्कोप लावून 'टिक' ऐका, कंपनीकडून मास्टर कोड घ्या, इलेक्ट्रॉनिक असेल तर बॅटरी काढा म्हणजे कोड पुसला जातो, नाहीच जमलं तर बिजागऱ्या कापा किंवा आकड्यांच्या चकतीशेजारी भोक पाडा. शेवटी, 'वस्तू आपलीच आहे, कुणाला विचारायची गरज नाही.'

हा सल्ला जवळजवळ सगळाच चुकीचा आहे. त्यातला काही भाग तर चालू स्थितीतली तिजोरी कायमची निकामी करणारा आहे. वारशातल्या पुष्कळ तिजोऱ्यांचं कुलूप बिघडलेलं नसतंच. आकडा हाताशी नसतो, किंवा हाताशी असून नीट फिरवला जात नाही.

'स्टेथोस्कोप लावा, टिक ऐकू येईल'

फिरत्या चकतीच्या कुलपात साधारणपणे तीन चाकं एकामागे एक बसवलेली असतात आणि प्रत्येकाच्या कडेला एक खाच असते. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरचा दांडा त्यांत पडतो आणि कुलपाची जीभ मागे ओढली जाते. एखादं चाक बरोबर जागी आलं म्हणून 'टिक' असा आवाज होत नाही, कारण तो दांडा तिन्ही चाकांवर एकदम टेकतो. आकड्याशिवाय असं कुलूप उघडणारे कुशल कारागीर असतात, हे खरं. ते दांड्याचं टोक चकतीच्या कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत टेकतं ते बोटांनी आणि डोळ्यांनी मोजतात, अर्ध्या-पाव खुणेचे फरक कागदावर मांडतात आणि त्यावरून एकेक चाक शोधतात. त्याला कित्येक तास लागतात आणि हात वर्षांच्या सरावाने तयार होतो.

तो वेळ आकडा शोधण्यात घालवा. वह्यांची शेवटची पानं, पत्त्यांची जुनी डायरी, खणाचा तळ, फोटोच्या चौकटीची मागची बाजू, विम्याच्या कागदांची फाइल पाहा. माणसं आकडा बहुतेक वेळा लपवून लिहितात. कुणाच्याच नसलेल्या फोन नंबरात तो सापडतो, किंवा दिवस-महिना-वर्ष अशा तारखेत, कारण तारखेत दोन-दोन आकड्यांच्या तीन जोड्या आयत्याच मिळतात.

आकडा मिळाला की सगळ्यात जास्त चुका फिरवताना होतात. शंभर खुणांच्या नेहमीच्या तीन चाकी कुलपाची रीत अशी : डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवत पहिला आकडा चकतीभोवतीच्या कड्यावरच्या, वरच्या स्थिर खुणेखाली चौथ्यांदा येईल तेव्हा थांबा. मग उजवीकडे, दुसरा आकडा तिसऱ्यांदा येईल तेव्हा थांबा. मग डावीकडे, तिसरा आकडा दुसऱ्यांदा येईल तेव्हा. शेवटी सावकाश उजवीकडे, चकती आपोआप अडेपर्यंत. ती अडली की मूठ फिरवा. आकडा अर्ध्या खुणेने जरी पुढे गेला तरी मागे आणू नका, पहिल्यापासून सुरू करा. मागे फिरवताना आधी बसलेली चाकं जागेवरून हलतात.

तरीही उघडत नसेल तर क्रमाने या गोष्टी करून पाहा. चकती फिरवताना मुठीवर अजिबात जोर ठेवू नका. उलट ती बंद बाजूला हलकेच ढकलून धरा. मूठ ओढून धरली की दाराचे अडसर कुलपाच्या जिभेवर दाबून बसतात आणि बरोबर आकड्यालाही जीभ सरकत नाही. दार लोंबलं असेल तर मूठ फिरवताना ते गुडघ्याने आत दाबा. मग तिन्ही आकड्यांत सारखाच फरक करून पाहा, आधी एक जास्त, एक कमी, असं पाचपर्यंत. झिजेने किंवा चकती सैल झाल्याने सगळेच आकडे एकदम सरकलेले असतात, आणि या दहा फेऱ्यांत ते उघडं पडतं. त्यानेही झालं नाही तर प्रत्येक आकड्याला स्वतंत्रपणे एक कमी, तोच, एक जास्त असं घेऊन सत्तावीस जुळण्या होतात. त्या कागदावर लिहून एकेक खोडत जा, डोक्यात ठेवू नका. दिशा उलट करून, म्हणजे उजवीकडून सुरुवात करून पाहा. चार चाकांची कुलपंही असतात, त्यांत फेऱ्या पाच, चार, तीन, दोन अशा.

आणखी एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पुष्कळ कुलपांत चकतीभोवतीच्या कड्यावर वरच्या खुणेखेरीज डावीकडे, घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी, दुसरी एक खूण असते. ती आकडा बदलण्यासाठी असते. आकडा बदलताना कुणी खुणांची गल्लत केली असेल तर लिहून ठेवलेला आकडा वरच्या खुणेवर चालत नाही, म्हणून या दुसऱ्या खुणेवरही तो एकदा फिरवून पाहा.

'कंपनीकडे मास्टर कोड असतो'

चकतीच्या कुलपाला सगळीकडे चालणारा आकडा नसतो. कारखान्यातून कुलूप निघतं तेव्हा त्यावर एक सुरुवातीचा आकडा असतो, पुष्कळ कुलपांत तो नुसता ५०. चकती डावीकडे चार-पाच वेळा फिरवून ५० वर थांबायचं आणि उजवीकडे अडेपर्यंत न्यायची. हे एकदा करून पाहायला हरकत नाही, कारण काही मालक तो कधीच बदलत नाहीत. मालकाने बदललेला आकडा मात्र कंपनीला कळण्याचा मार्गच नसतो. कंपनीचा उपयोग वेगळा आहे. अनुक्रमांक आणि मालकीचे कागद दिले तर कुलपाचा प्रकार, जुन्या नोंदी आणि क्वचित चावीचा क्रमांक मिळू शकतो. हा अनुक्रमांक आणि दाराचे फोटो अनोळखी लोकांसमोर मांडू नका.

'बॅटरी काढली की कोड पुसला जातो'

कोड अशा स्मृतीत साठवलेला असतो जी वीज गेली तरी राहते. महिनाभर बॅटरी काढून ठेवली तरी तो तिथेच असतो. खरी अडचण बहुधा याच्या उलट असते. बटणं दाबल्यावर आवाज येतो, दिवाही लागतो, पण जीभ ओढणाऱ्या मोटारीला लागेल एवढी ताकद जुन्या बॅटरीत उरलेली नसते. नवी, चांगल्या प्रतीची अल्कलाइन बॅटरी घाला, पुष्कळ कुलपांत ती ९ व्होल्टची असते. बहुतेक कुलपांत तिची जागा बाहेर, बटणांच्या पट्टीखाली असते. काही लहान पेट्यांत बॅटरी आत असते. तिथे बाहेरून वीज देण्याचे दोन ठिपके किंवा नावाच्या पट्टीमागे आणीबाणीच्या चावीचं भोक सापडतं. अंदाजाने कोड मारत सुटू नका. काही चुकांनंतर कुलूप काही मिनिटं बंद होतं, आणि त्या वेळात आणखी बटणं दाबली तर पुष्कळ कुलपांत ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात.

'बिजागऱ्या कापा, भोक पाडा'

सगळ्यात जास्त नुकसान या उपायांनी होतं. बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्या फक्त दाराचा भार पेलतात. दार धरून ठेवणारे अडसर आतल्या बाजूने चौकटीत शिरलेले असतात आणि बिजागरीकडच्या बाजूलाही पक्के दांडे किंवा पट्टी असते. बिजागऱ्या कापल्या तरी दार निघत नाही. मात्र ते खाली बसतं, अडसर चौकटीत आवळतात, आणि मग खरा आकडा सापडला तरी मूठ फिरत नाही.

चकतीशेजारी भोक पाडणं तर त्याहून वाईट. चांगल्या तिजोरीत कुलपासमोर कडक पोलादाचा पत्रा असतो, त्यावर घरगुती ड्रिलचं पातं क्षणात बोथट होतं. त्यामागे काही दारांत काचेचा पत्रा बसवलेला असतो. तो फुटला की ताणून धरलेल्या स्प्रिंगच्या खिट्ट्या सुटतात आणि दार दुसऱ्यांदा, वेगळ्या जागी अडकतं. हातोड्याचा दणका किंवा गॅस कटरची उष्णता यांनीही अशा खिट्ट्या सुटू शकतात. हल्ला झाला की जास्त घट्ट बंद व्हायचं, हाच त्या दाराचा हेतू आहे. कारागीरही भोक पाडतो, पण त्या कुलपाच्या नकाशावरून, ठरलेल्या एकाच बिंदूवर, बारीक. त्यातून चाकं पाहून कुलूप उघडतो आणि भोक कडक पोलादाने बुजवून तिजोरी पुन्हा वापरात आणतो.

मग मागून किंवा बाजूने पत्रा कापला तर? आगरोधक तिजोरीत ते कधी कधी जमतं, पण ठिणग्या आतल्या कागदांवर पडतात, आणि वारशात बहुधा कागदच महत्त्वाचे असतात. जुन्या तिजोऱ्यांच्या पत्र्यांमधल्या भरावात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसांसाठी घातक. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही तिजोऱ्यांच्या दारामागे क्लोरोपिक्रिन या अश्रुवायूच्या काचेच्या नळ्या बसवलेल्या असत, आणि त्या आजही तितक्याच धोक्याच्या आहेत. आत काडतुसं असण्याचीही शक्यता असते. आत काय आहे हे ठाऊक नसताना त्यावर ग्राइंडर चालवू नका.

'वस्तू आपलीच आहे'

तिजोरी हातात आली म्हणून आतला माल एकट्याचा होत नाही. मृत्युपत्र असेल तर ते अमलात आणणाऱ्याला, नसेल तर सगळ्या वारसांना आधी कळवा. उघडताना त्यांच्यापैकी शक्य तेवढे हजर असू द्या, दार पहिल्यांदा उघडल्यापासून फोटो काढा, काहीही हलवण्याआधी यादी करा आणि तिच्यावर सह्या घ्या. मालकीचे कागद आणि ओळखपत्र मागणारा कारागीर निवडा. काहीच न विचारता ड्रिल काढणाऱ्याला परत पाठवा. हत्यार किंवा काडतुसं दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवा.

दार उघडलं की ते लगेच लावू नका. आगरोधक भरावात ओल असते, त्यामुळे कागद एकमेकांना चिकटलेले असू शकतात. ते ओढून सोडवू नका, सावलीत वाळू द्या. कुलूप दुरुस्त झालं किंवा आकडा बदलला, तर दार सताड उघडं ठेवून मुठीने अडसर बाहेर काढा, चकती चार-पाच वेळा फिरवून आकडा विस्कटा आणि नवा आकडा फिरवून अडसर आत घ्या. असं सलग तीनदा बिनचूक जमल्यावरच दार लावा.