कागद म्हणे

इंग्रजीत एम. ए. केलेल्या माणसाची नातेवाइकांना दोनच वेळा आठवण होते. व्हिसाचा फॉर्म अडला की आणि वकिलाची नोटीस आली की. मामांचा फोन दुसऱ्या प्रकारातला होता.

"भाच्या, आपल्या वाटणीपत्राचा कुणीतरी रिपोर्ट केलाय बघ."

व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो आला. विहिरीकडच्या रानाचं १९७८ चं वाटणीपत्र, आणि समोरच्या वकिलांनी त्याच्या मागे 'पर्पोर्टेड' हे विशेषण लावलेलं. एकदा नव्हे, सात ठिकाणी. मी बेसावधपणे 'कथित' म्हणालो आणि फसलो. मामा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. 'कथित' हा शब्द त्यांनी फक्त घोटाळ्यांच्या बातम्यांत पाहिलेला.

"म्हणजे आमच्या वडिलांची सही खोटी?"

"तसं नाही म्हटलेलं, मामा."

"मग खरी म्हटलंय?"

"तसंही नाही."

"मग तो पैसे कशाचे घेतो?"

याला उत्तर नव्हतं. रविवारी शब्दकोशातली टिपणं घेऊन गावी गेलो. ओसरीवर मामा, मामी आणि पंच म्हणून बोलावलेले दोन शेजारी.

मी मुळापासून सुरुवात केली. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणं. त्यातूनच रेल्वेचा पोर्टर, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, आणि मामांचा तो रिपोर्टसुद्धा. (मामांनी शेजाऱ्यांकडे 'बघा, मी म्हणालो नव्हतो?' अशा नजरेनं पाहिलं.) पर्पोर्ट म्हणजे पुढे वाहून नेणं. कागद आपला अर्थ डोक्यावर घेऊन पुढे येतो. आत खरंच काय आहे, याची हमी हमाल देत नसतो. वकील एवढंच म्हणतायत की बॅगेवर 'वाटणीपत्र' लिहिलंय, बॅग आम्ही उघडून पाहिलेली नाही.

"हमाल कुणाला म्हणतो तो?" मामा उठलेच.

मी इतिहासात पळ काढला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्यामागोमाग कोर्टात फ्रेंच घुसली, आणि हा शब्द त्या वाटेनं इंग्रजीत आला. इंग्लंडच्या शेतकऱ्यालाही आपल्या जमिनीचा कागद कळत नव्हता. हे ऐकून एका शेजाऱ्याला फार बरं वाटलं. आपल्याकडे तरी काय, दावा अरबी, फिर्याद फारसी. फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी मारलेली हाक. इंग्रजी 'क्लेम'सुद्धा लॅटिनमधल्या ओरडण्यावरूनच आला. जमिनीसाठी माणूस कुठेही आधी बोंबच मारतो, असं मी उत्साहानं म्हणालो. ओसरीवर कुणी हसलं नाही. मागच्याच आठवड्यात बांधावर तसं झालेलं होतं, हे मला नंतर कळलं.

मग मी शेवटचा पत्ता टाकला. हा शब्द शिवी नव्हे, खुद्द कायद्यात आहे. ३० वर्षं जुना म्हणून समोर आलेला कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला, तर त्यावरची सही ज्याची म्हणून दिसते त्याचीच आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला त्यातही आहे. आणि दोन्हीकडे, कागदाच्या वयाला लावलेला शब्द हाच, पर्पोर्टिंग. हिंदीत त्याला 'तात्पर्यित' म्हणतात.

"तात्पर्यित," मामा म्हणाले, आणि पानाचा डबा ओढला. त्या शब्दानं इंग्रजीची बाजू एकदम बळकट केली.

इतका वेळ मामी शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे 'म्हणे'. धाकट्या जाऊबाईंचा भाऊ म्हणे मुंबईत साहेब आहे. आपण खरं म्हणत नाही, खोटंही म्हणत नाही. पण ऐकणाऱ्याला कळतं."

मी टिपणं घडी करून खिशात घातली. सहाशे रुपयांचा शब्दकोश आणि एस.टी.चं तिकीट, मामींच्या दोन अक्षरांत गेलं. शिवाय त्या वाक्यात जाऊबाईंचं कामही उरकलं होतं.

मामांचा चेहरा मात्र उजळला. "असं होय! मग आपणही उत्तर देऊ. घे लिहून. आपण म्हणे वकील आहात. आपल्या अशिलाचा म्हणे आमच्या विहिरीवर हक्क आहे. आपली नोटीस म्हणे कायदेशीर आहे."

मी लिहून घेतलं.

"हां. आता याचं इंग्रजी कर."