फोटो नको, सही पाठव

अमेरिकेतल्या मराठी माणसाला एखादं जुनं गाव बघून आल्यावर एक वाक्य हमखास सुचतं: ‘यांचा इतिहास तो केवढासा, पण जपतात बघा कसा!’ त्यापुढचंही ठरलेलं असतं. शनिवारवाड्याची अवस्था, पानाच्या पिचकाऱ्या, किल्ल्याच्या भिंतीवर कोरलेली बदामं. आमच्या अटलांटाच्या मराठी मंडळींत हे मी इतक्यांदा ऐकलंय की कोण कुठल्या शब्दावर उसासा टाकणार तेही मला पाठ झालंय. या वाक्याशी माझं भांडण आहे, आणि मॅडिसनला जाऊन आल्यापासून ते जास्तच वाढलंय.

मॅडिसन हे जॉर्जियातलं छोटं गाव. अटलांटाहून पूर्वेला जाणाऱ्या हायवेवर तासाभराच्या अंतरावर, वस्ती जेमतेम साडेचार हजारांची. १८०९ मध्ये वसलं, अध्यक्ष जेम्स मॅडिसनचं नाव मिळालं आणि कापसावर गबर झालं. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि मॉल बघून कंटाळल्या होत्या, म्हणून आम्ही सकाळी डबा घेऊन निघालो. जुन्या वस्तीत पायी फिरण्यासारखं गाव आहे. चौक, चौकाच्या कडेला १९०५ च्या सुमाराचं घुमट असलेलं कोर्ट, विटांच्या दुकानांची रांग, आणि पाच मिनिटं चाललं की मोठ्या झाडांच्या सावलीत पांढऱ्या खांबांची घरं सुरू होतात. पडवीत झोपाळे, खिडक्यांना लाकडी झडपा. सासूबाई म्हणाल्या, “सगळं चित्रातल्यासारखं आहे गं, पण माणसं कुठे गेली?” रविवारची दुपार होती, माणसं घरात होती. तरी प्रश्न चुकीचा नव्हता.

गाव स्वतःची जी गोष्ट सांगतं ती अशी. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या नोव्हेंबरात, उत्तरेचा जनरल शर्मन अटलांटा जाळून समुद्राकडे निघाला, वाटेतलं सगळं उद्ध्वस्त करत. मॅडिसन मात्र त्याने सोडलं, कारण गाव जाळवेना इतकं सुंदर होतं. गोष्ट छान आहे, पोस्टकार्डावर शोभते. प्रत्यक्षात शर्मन स्वतः मॅडिसनला आलाच नव्हता. तो दुसऱ्या तुकडीबरोबर दुसऱ्या रस्त्याने चालला होता. इथे आली ती जनरल स्लोकमची फौज. त्याला सामोरा गेला जोशुआ हिल नावाचा इथला पुढारी. हा पूर्वी अमेरिकेच्या संसदेत होता, दक्षिणेने देशातून फुटून निघायला त्याने विरोध केला होता आणि शर्मनच्या सिनेटर भावाशी त्याची ओळख होती. घरं वाचली. रेल्वे स्टेशन आणि कापूस मात्र सैनिकांनी जाळलाच. थोडक्यात, गाव वाचलं ते सौंदर्यामुळे नाही, वशिल्यामुळे. आपल्याला हे समजायला मुळीच जड जाऊ नये. पुढे पाचच वर्षांनी, १८६९ मध्ये, लागलेल्या आगीत बाजारपेठ जळाली. शर्मनने न जाळलेल्या गावाची मुख्य पेठ गावातल्याच आगीने नेली. आज दिसणारी विटांची दुकानं त्यानंतरची आहेत.

मग इतकी घरं टिकली कशी? आमच्या मंडळींच्या मते ‘यांना कदर आहे’ म्हणून. मला वाटतं पहिलं कारण गरिबी. १९२० च्या सुमारास कापसाची बोंडं पोखरणारा सोंडकिडा जॉर्जियाभर पसरला. आपल्या बोंडअळीसारखंच संकट, फक्त हा जातीने भुंगा. कापूस बसला, बँका बसल्या, माणसं शहरांकडे गेली. ज्यांच्याकडे रंगाला पैसे नव्हते त्यांच्याकडे पाडून नवं बांधायला कुठून येणार? दक्षिणेतली कितीतरी गावं अशी पैसा नसल्यामुळे शिल्लक राहिली. मग पैसा आला तोवर कायदाही आला होता. १९६६ मध्ये केंद्राचा वारसा जतनाचा कायदा झाला, १९७४ मध्ये मॅडिसनची जुनी वस्ती ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली.

या नोंदवहीबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. नाव नोंदलं म्हणजे घर कुणी पाडूच शकत नाही असं नाही. खासगी मालक स्वतःच्या पैशाने काय करतो यात ती यादी जवळपास लक्षच घालत नाही. दम असतो तो गावच्या स्वतःच्या नियमांत. गावाचा एक आयोग असतो. रस्त्यावरून दिसणारी खिडकी बदलायची, कुंपण घालायचं, पडवी वाढवायची तर आधी त्याचा दाखला आणायचा. एका घरासमोर एक आजोबा शिडीवर चढून झडप खरवडत होते. सासूबाईंनी खुणेने ‘छान’ म्हटलं तसे ते खाली उतरून गप्पा मारायला लागले. प्लास्टिकची खिडकी बसवली असती तर कधीच सुटलो असतो म्हणाले, पण आयोग परवानगी देणार नाही आणि बायकोही देणार नाही. तक्रार खरी होती, अभिमानही खरा होता.

दाखल्याच्या जाचाबरोबर पैसाही येतो, आणि इथेच आपली गाडी अडते. उत्पन्न देणारी जुनी इमारत नीट दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्राच्या आयकरातून वजा होते. जॉर्जियात नोंद असलेलं घर नियमानुसार दुरुस्त केलं तर मालमत्ता कराचं मूल्यांकन आठ वर्षांहून जास्त काळ गोठवून ठेवता येतं. म्हणजे ज्याने खर्च केला त्यालाच वर कर वाढवून शिक्षा नको. शिवाय अशा वस्तीतलं घर विकायला काढलं तर किंमत चांगली येते. यात संस्कार कुठे आहेत? हिशेब आहे, आणि तो मालकाला परवडतो.

आता घरची गोष्ट. माझ्या माहेरचा वाडा सदाशिव पेठेत आहे. मातीच्या भिंती, सागाचे खांब, मधे चौक, एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन आणि वर कौलं. त्यांतली निम्मी आता पत्र्याखाली गेलीत. दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा निघतात, आणि पाऊस लागला की कुठल्या ना कुठल्या पेठेत भिंत कोसळल्याची बातमी येते. बिल्डर गेली काही वर्षं येरझाऱ्या घालतोय. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर द्यायचा की नाही यावर युद्ध पेटलेलं असतं. गंमत म्हणजे ‘द्यायचा नाही’ म्हणणाऱ्यांत जास्त मंडळी न्यूजर्सी, सिंगापूर आणि अटलांटाची. ‘देऊन टाकू’ म्हणणारा माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथे राहतो. चौकात पाणी तुंबतं तेव्हा बादलीही तोच उचलतो.

मॅडिसनहून परतताना गाडीतूनच मी पांढऱ्या खांबांच्या घरांचे फोटो ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘बघा, दोनशे वर्षं जुनी आहेत!’ दादाचं उत्तर लगेच आलं: “फोटो नको, सही पाठव.”

दादाचा राग समजून घ्यायचा तर वाड्याचा जमाखर्च बघावा लागेल. मॅडिसनच्या त्या आजोबांच्या घरात फक्त आजोबा आणि आजी राहतात. आमच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू आहेत. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत तो निर्णय योग्यच होता, कारण लोकांना डोक्यावर छप्पर हवं होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नास वर्षं मुदतवाढीवर जगला. पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. मूळ आकडाच दोन अंकी असेल तर त्याचे ४ टक्के म्हणजे चहाचेही पैसे नव्हेत. वाड्याचं महिन्याचं सगळं भाडं एकत्र केलं तरी एक गवंडी दिवसभर येत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, कारण परवडत नाही. भाडेकरू करत नाही, कारण घर त्याचं नाही, आणि जागा सोडतही नाही, कारण सोडली तर जाणार कुठे? दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि दोघांच्या मधे भिंत खचत जाते.

महापालिकेकडे वारसा वास्तूंची यादी आहे, श्रेणी आहेत, नियमांत हेरिटेज टीडीआरही, म्हणजे वास्तू जपल्याच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्कही, आहे. सामान्य वाडेमालकाच्या हातात त्यातलं प्रत्यक्ष काय पडतं ते कुठल्याही पेठेत जाऊन विचारा. यादीत नाव आलं की मालकाला आनंद होत नाही, घाम फुटतो. आता पाडताही येणार नाही आणि सांभाळताही येणार नाही, असा त्याचा अर्थ तो लावतो. मॅडिसनमध्ये मालक स्वतःहून नोंद मागतो, पुण्यात यादीतून नाव काढायला वकील गाठतो. हा फरक रक्तातला नाही, कायद्यातला आणि करातला आहे. म्हणून ‘आपल्या लोकांना इतिहासाचं प्रेमच नाही’ हे वाक्य मला निव्वळ आळशी वाटतं. दुर्गभ्रमण करणारी पोरं सुट्टीच्या दिवशी घमेली घेऊन टाक्यांतला गाळ काढतात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले तेव्हा आनंद करणारे याच देशातले होते. प्रेमाचा तुटवडा मला तरी दिसत नाही.

पण मॅडिसनने मला दुसऱ्याच एका गोष्टीवर अडवलं. मोठ्या घरांचं कौतुक करून झाल्यावर आम्ही कोर्टाशेजारच्या एका छोट्या घरात शिरलो. रोझ कॉटेज. १८९१ मध्ये ते बांधलं ॲडलीन रोझ या बाईने. ती जन्माने गुलाम होती. मुक्त झाल्यावर लोकांची धुणी धुऊन, इस्त्री करून, एका खेपेला ५० सेंट घेऊन तिने हे घर उभं केलं. खोल्या लहान, पण दर्शनी बाजूला हौसेने केलेलं लाकडी नक्षीकाम. सासूबाई आत बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “पेशव्यांचे वाडे ठाऊक आहेत, सरदारांचे ठाऊक आहेत. पण आपल्याकडे धुणंवालीचं घर कुणी ठेवलंय का गं?”

मी उत्तर देऊ शकले नाही. मॅडिसनला यासाठी फार शाबासकी द्यायचीही गरज नाही. १८६० मध्ये या काउंटीतली निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. पांढऱ्या खांबांमागचा कापूस त्यांनी वेचला, विटाही बहुधा त्यांच्याच हातच्या. त्या मानाने धुणंवालीचं एक कॉटेज आणि एका जुन्या घरातलं आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं छोटं संग्रहालय म्हणजे तोंडी लावण्यापुरतंच झालं. माहितीपत्रकात मालकांची नावं ठळक आणि राबणाऱ्यांचा उल्लेख ओझरता. तरीही घर आहे. दार उघडून आत जाता येतं.

आपल्याकडे भिडे वाडा होता. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. त्याच वाटेने शनिवारवाडा बघायला जाणाऱ्या किती जणांनी मान वर करून तो पाहिला होता? खाली दुकानं, वर पडझड, आणि वर्षानुवर्षं कोर्टकचेरी. निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला गेला, राष्ट्रीय स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवं, त्याला माझा विरोध नाही. पण ज्या जिन्याने त्या मुली वर गेल्या असतील तो जिना पाडून त्याच जागी त्यांचं स्मारक, हे माझ्या गळी उतरत नाही. इमारत इतकी खिळखिळी होईपर्यंत आपण वाट पाहिली, मग पाडण्याखेरीज मार्ग उरला नाही असं म्हणालो. तेव्हा तरी आम्ही परदेशस्थांनी कुठे काय केलं? फॉरवर्ड केलं.

माहेरच्या वाड्याबाबत माझं मत आता ठरलंय. तो कुठल्या यादीत नाही, त्यात कुठली शाळा भरली नाही. आमच्या पणजोबांनी बांधला एवढंच त्याचं थोरपण, आणि तेवढ्यासाठी दादाने आणि भाडेकऱ्यांनी पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहावं असं म्हणायचा मला हक्क नाही. सात समुद्रापलीकडच्या वारसाच्या हळव्या नकाराची किंमत तिथे राहणारा मोजतो. वाडे नुसते बिल्डरमुळे जातात असं नाही, सह्या न मिळाल्यामुळे सडूनही जातात, आणि त्या सह्या बऱ्याचदा आमच्यासारख्यांच्याच अडलेल्या असतात. अटलांटाच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये मुखत्यारपत्रासाठी मी वेळ घेतली आहे.

दादाला दोन अटी घातल्यात. एक, प्रत्येक भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळेल हे करारात आधी येईल, तोंडी नाही. दुसरी, पाडण्याआधी वाड्याची पुरी मोजणी करून नकाशे काढायचे. आर्किटेक्चरची मुलं हे काम आनंदाने करतात, त्यांच्या खर्चाचा वाटा आम्ही बाहेरचे वारस उचलू. भाडेकऱ्यांची अट दादाने लगेच मान्य केली. मोजणीवर म्हणाला, “पोरं येणार असतील तर मे महिन्यात पाठव, पावसात नको.” न्यूजर्सीच्या काकांनी पैसे द्यायचं कबूल केलंय, पण त्यांना दिंडी दरवाजा हवाय. तो कंटेनरमधून नेता येईल का याची त्यांनी चौकशीसुद्धा केली आहे, आणि त्यावरून ग्रुपवर नवीन भांडण सुरू झालंय.